डीएसपी शिकायचं असेल तर आधी घरचा कूलर रेकॉर्ड करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहेत, शिक्षण डिप्लोमा, गणित सुटून बरीच वर्षं झाली. मोटारी आणि गिअरबॉक्सच्या कंपनांचे रिपोर्ट बाहेरची माणसं येऊन देतात. ते आपले आपल्याला वाचता यावेत म्हणून त्यांनी डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगची (डीएसपी, म्हणजे मोजलेल्या आकड्यांतून सिग्नलचा अर्थ काढायचा विषय) ऑनलाइन लेक्चर सुरू केली. सुरुवातीची समजली, कन्व्होल्यूशनला दमछाक झाली आणि झेड-ट्रान्सफॉर्मपाशी गाडी थांबली. आता लेक्चर बदलावीत, गणित पहिल्यापासून करावं, की हा नाद सोडावा?

नाद सोडू नका. लेक्चरही बहुधा बदलावी लागणार नाहीत. नागपूरच्या आसपासच्या कारखान्यांत मशीनची कंपनं मोजणं हे माझं काम आहे, आणि हाताखाली येणाऱ्या मुलामुलींना हा विषय मी शिकवतो. अडकणारे बहुतेक जण तुम्ही सांगितलेल्या त्याच दोन ठिकाणी अडकतात. त्याचं खापर ते गणितावर फोडतात, पण मला तसं वाटत नाही. त्यांच्याकडे स्वतःचा सिग्नल नसतो, ही खरी अडचण आहे. फळ्यावर सर 'एक्स ऑफ एन' लिहितात. तो कुठून आला, त्यात काय असायला हवं, उत्तर चुकलं तर ते कळणार कसं, यातलं काहीच ऐकणाऱ्याच्या हाती नसतं. मग तास संपतो, सगळं समजल्यासारखं वाटतं आणि आठवड्याने वही उघडली की कोरं.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. लेक्चरमधली प्रत्येक कल्पना तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलेल्या सिग्नलवर चालवून बघा, आणि तो सिग्नल असा निवडा की तो कशामुळे तयार होतो हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल. मग उत्तर बरोबर आलं का, हे तपासायला कुणा सरांची गरज उरत नाही.

लेक्चर कोणती, हे आधी उरकून टाकू. एमआयटीच्या ॲलन ओपेनहाइम यांची १९७५ साली चित्रित झालेली डीएसपीची लेक्चर आज फुकट बघता येतात. कूली आणि टकी यांचा एफएफटीवरचा, म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी झटपट वेगळ्या काढायच्या रीतीवरचा, पेपर १९६५चा, म्हणजे ही लेक्चर झाली तेव्हा एफएफटीचं ते रूप जेमतेम दहा वर्षांचं होतं. तरी पाया तोच आहे, त्यात काहीही शिळं झालेलं नाही. त्यांचीच सिग्नल्स अँड सिस्टिम्सची १९८७ची मालिका आहे. डिप्लोमावरून येणाऱ्याने तिची सुरुवातीची लेक्चर आधी बघावीत. आपल्याकडे एनपीटेलवर (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स असतात तिथे) आयआयटी दिल्लीच्या एस. सी. दत्ता रॉय यांचा कोर्स आहे, आयआयटी मुंबईच्या विक्रम गद्रे यांचाही आहे. कोर्सेरावर स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलच्या पाओलो प्रँडोनी आणि मार्टिन वेटर्ली यांचा कोर्स आहे. तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्याला मी एनपीटेलचा कोर्स मुख्य धरायला सांगेन, कारण दर आठवड्याची असाइनमेंट असली की ती तुम्हाला ओढत पुढे नेते. मुख्य कोर्स मात्र एकच ठेवा. दुसऱ्याकडे जायचं ते एखाद्या अडलेल्या विषयापुरतं. याचं कारण खुळचट वाटेल, पण खरं आहे: प्रत्येकाची चिन्हं वेगळी असतात. एक जण फ्रिक्वेन्सी रेडियन प्रति सॅम्पलमध्ये (सॅम्पल म्हणजे ठरावीक वेळाने घेतलेली सिग्नलची एकेक मोजणी) शून्य ते पाय (π) अशी मोजतो, दुसरा हर्ट्झमध्ये बोलतो, आणि सायपाय किंवा मॅटलॅब या सॉफ्टवेअरचे फिल्टर सॅम्पलिंगच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीला १ मानून चालतात. तिन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. पाय म्हणजे सॅम्पलिंगच्या निम्मी फ्रिक्वेन्सी, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

आता कूलर. नागपुरात एप्रिलपासून तो घरोघरी चालू असतो, आणि शिकण्यासाठी यापेक्षा चांगला सिग्नल मला माहीत नाही. पंख्याच्या मोटारीवरची पट्टी बघा. समजा त्यावर १४०० फेरे प्रति मिनिट लिहिलंय आणि पंख्याला तीन पाती आहेत. १४०० भागिले ६० म्हणजे सेकंदाला २३.३ फेरे. दर फेऱ्याला तीन पाती हवा कापतात, म्हणून ७० हर्ट्झ. दुसरीकडे सिंगल फेज मोटारीत वीज दर सायकलमध्ये दोनदा कमीजास्त होते, म्हणून ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तिची गुणगुण १०० हर्ट्झची असते. म्हणजे एकही लेक्चर न बघता तुम्हाला ठाऊक आहे की या आवाजात ७० आणि १०० हर्ट्झ असायला हवेत. ७०चा आकडा थोडा मागेपुढे होईल, कारण पट्टीवरचा वेग आणि खरा वेग तंतोतंत जुळत नाही.

मोबाइलवर मिनिटभर रेकॉर्ड करा. फोन हवेच्या झोतात धरू नका, बाजूला ठेवा. फाइल वॅव्ह स्वरूपात सेव्ह करणारं ॲप घ्या आणि त्यातली नॉइज कमी करायची सोय बंद करा. फोनच्या दृष्टीने कूलरची घरघर हाच नॉइज असतो आणि तो नेमका तुम्हाला हवा तोच भाग काढून टाकतो. फोनचे माइक खालच्या फ्रिक्वेन्सीला कमजोर असतात, त्यामुळे ७०पेक्षा १४० किंवा २१०चा सुळका मोठा दिसला तर घाबरू नका. ते त्याच ७०चे गुणक आहेत.

आता पहिली धडक. सवयीप्रमाणे १०२४ सॅम्पलचा एफएफटी घेतला, तर ७० आणि १०० वेगळे दिसणार नाहीत. डावीकडे एक फुगवटा दिसेल, बस. बहुतेक शिकणारे इथे प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. प्रोग्रॅम बरोबर आहे. समजा फोन सेकंदाला ४४,१०० सॅम्पल घेतो, तर १०२४ सॅम्पल म्हणजे फक्त २३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ७० हर्ट्झच्या दोन लाटाही पूर्ण होत नाहीत. एफएफटीच्या दोन रेषांमधलं अंतर ४४,१०० भागिले १०२४, म्हणजे साधारण ४३ हर्ट्झ येतं. तीस हर्ट्झच्या अंतरावरचे दोन स्वर त्यात वेगळे होणार कसे? जितका वेळ ऐकाल तितकंच बारीक बघता येईल, हा इथला नियम आहे. ६५,५३६ सॅम्पल घ्या, म्हणजे दीड सेकंद. दोन रेषांमधलं अंतर ०.६७ हर्ट्झवर येईल आणि दोन्ही सुळके स्वच्छ उभे राहतील. तुमच्या कूलरला चार पाती असतील तर आकडा ९३च्या आसपास जाईल, मग १००पासून तो वेगळा काढायला निदान तिसरा हिस्सा सेकंद तरी ऐकावं लागेल. हे करून पाहिलंत की कंपनांच्या रिपोर्टवर 'लाइन्स' आणि 'रिझोल्यूशन' असं जे छापलेलं असतं, त्याचा अर्थ कायमचा कळेल.

आणखी एक प्रयोग याच फाइलवर करा. १०२४ सॅम्पल घ्या, पुढे शून्यं जोडून त्यांची लांबी ६५,५३६ करा आणि एफएफटी काढा. आलेख गुळगुळीत होईल, पण दोन सुळके वेगळे होणार नाहीत. शून्यं जोडल्याने माहिती वाढत नाही. हे वाक्य प्रत्येक लेक्चरमध्ये येतं आणि प्रत्येक जण ते विसरतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं विसरत नाही.

विंडो, म्हणजे तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक, कशाला लावतात, हे मात्र तयार केलेल्या सिग्नलवर आधी बघा. ५० हर्ट्झची साइन लाट एक सेकंदाची बनवा. त्यात बरोबर पन्नास लाटा बसतात, एफएफटीत एकच काडी दिसते. आता लांबी १.०१ सेकंद करा. साडेपन्नास लाटा झाल्या, शेवट आणि सुरुवात जुळत नाही, आणि ती एक काडी दोन्ही बाजूंना पसरते. यालाच लीकेज म्हणतात. हॅन विंडो लावली की लांबवरचा पसारा आवरतो, बदल्यात सुळका थोडा रुंद होतो. खऱ्या कामात लाटा कधीच मोजून बसत नाहीत. आपल्या ग्रीडची फ्रिक्वेन्सीदेखील ४९.९० ते ५०.०५च्या पट्ट्यात ठेवायची असते, ती ५०वर खिळलेली नसते. म्हणून विंडो ही नेहमीची गोष्ट समजा.

या कूलरकडून आणखी एक मोठी गोष्ट शिकायची आहे. रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि बोर्डावरून पंखा बंद करा. पंखा थांबेपर्यंत रेकॉर्ड होऊ द्या. ही फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वेळी कोणती फ्रिक्वेन्सी होती याचं चित्र, बघा. बटण दाबलं त्या क्षणी १०० हर्ट्झची रेघ कापल्यासारखी संपते, कारण वीज गेली. ७०ची रेघ मात्र वाकत वाकत खाली येते, कारण पाती अजून फिरत आहेत. पाण्याचा पंप चालू राहिला असेल तर त्याचीही १०० हर्ट्झची भुणभुण मागे उरेल, म्हणून तो आधीच बंद करा. कारखान्यात मोटार हलते तेव्हा दोष विजेचा की यंत्राचा, हे आम्ही नेमकं असंच तपासतो: पुरवठा तोडायचा आणि कोणता सुळका तत्क्षणी गेला, कोणता वेगाबरोबर उतरला, हे बघायचं. लेक्चरमध्ये शॉर्ट-टाइम फूरिए ट्रान्सफॉर्म येईल तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे ही वाकणारी रेघ असेल.

सॅम्पलिंगकडे वळतो, कारण पैसा सगळ्यात जास्त वाया जातो तो इथे. सिग्नलमधल्या सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त वेगाने सॅम्पल घ्या, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. नायक्विस्ट यांचा १९२८चा पेपर, शॅनन यांचा १९४९चा, हेही परीक्षेपुरतं माहीत असतं. नियम मोडला तर काय होतं, ते मात्र कुणी मनापासून करून बघत नाही. तुमच्या कामातलं उदाहरण देतो. एका शाफ्टवर ३९ दातांचं पिनियन (लहान गिअर) आहे आणि हिशेबासाठी वेग १५०० धरू. शाफ्टची फ्रिक्वेन्सी २५ हर्ट्झ, दातांची ३९ गुणिले २५, म्हणजे ९७५. आता कुणीतरी स्वस्तातलं यंत्र लावून सेकंदाला १००० सॅम्पल घेतली आणि आत शिरण्याआधी सिग्नल गाळलाच नाही. ५००च्या वरचं काहीही या यंत्राला खरं दिसू शकत नाही. ते ९७५ त्याला १००० वजा ९७५, म्हणजे २५ हर्ट्झवर दिसतं. शाफ्टच्या नेमक्या फ्रिक्वेन्सीवर! रिपोर्ट येतो की रोटरमध्ये अनबॅलन्स आहे, मोटार उतरवून बॅलन्सिंगला पाठवली जाते, आणि दुखणं गिअरमध्येच राहतं.

प्रत्यक्षात इंडक्शन मोटार १५००वर चालत नाही, स्लिपमुळे (रोटर थोडा मागे पडतो म्हणून) १४८०वर चालेल. मग दातांची फ्रिक्वेन्सी ९६२ आणि तिचं खोटं रूप ३८ हर्ट्झवर. आता गंमत बघा. लोड वाढवा, वेग १४७०वर येईल. खरी फ्रिक्वेन्सी उतरून ९५५.५ होईल, पण खोटी चढून ४४.५वर जाईल. मशीन मंदावतं आणि सुळका वर सरकतो! असं कधी दिसलं की समजायचं, हा सुळका मूळचा इथला नाही. माझ्या मते ही खूण प्रत्येक मेंटेनन्सवाल्याला माहीत असायला हवी. आणि एकदा सॅम्पल होऊन ९६२चं ३८ झालं की जगातला कोणताही डिजिटल फिल्टर ते वेगळं काढू शकत नाही, कारण आकड्यांत दोघांमध्ये काही फरकच उरलेला नसतो. गाळणं आधी, सॅम्पलिंग नंतर.

घरी हे बघायला यंत्र लागत नाही. कॉम्प्युटरवर ४८,००० सॅम्पलिंगने ५००० हर्ट्झचा सूर बनवा, त्यातलं दर आठवं सॅम्पल ठेवा, बाकी फेका. उरलेल्या ६००० सॅम्पलिंगच्या फाइलमध्ये तोच सूर १००० हर्ट्झचा होऊन ऐकू येईल. आता तेच पुन्हा करा, पण आधी ३०००च्या खालचंच जाऊ देणारा फिल्टर लावून. सूर गायब. कानाने ऐका, आलेख नंतर बघा.

कन्व्होल्यूशनला तुमची दमछाक झाली, ती बहुधा उलटवा-सरकवा-गुणा-बेरीज या कवायतीने. ती कवायत कागदावर एकदोनदा करा, छोट्या आकड्यांवर. १, २, ३ आणि १, १ यांचं कन्व्होल्यूशन १, ३, ५, ३ येतं. हे हाताने आलं पाहिजे. मग कवायत विसरा आणि हे बघा. तुम्ही सेकंदाला १००० सॅम्पल घेत आहात आणि सिग्नलवर मेन्सची ५० हर्ट्झची घाण आहे. दर वेळी मागच्या २० सॅम्पलची सरासरी काढत चला. २० सॅम्पल म्हणजे २० मिलिसेकंद, म्हणजे मेन्सची बरोबर एक सायकल. एका पूर्ण सायकलची सरासरी शून्य असते, हे तुम्हाला आयटीआयच्या मुलानेही सांगितलं असतं. म्हणून ५० हर्ट्झ संपूर्ण नाहीसा होतो. १००, १५०, २०० हेही. तुमच्या खिशातल्या डिजिटल मल्टिमीटरचे आकडे मेन्सच्या शेजारी नाचत नाहीत, त्यामागे हेच तत्त्व असतं: बऱ्याच मीटरमध्ये मोजणीचा काळ मेन्सच्या सायकलच्या पटीत ठेवलेला असतो.

ही सरकती सरासरी हेच कन्व्होल्यूशन. वीस वेळा एक-विसांश, ही त्या फिल्टरची इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आत एकच १ दिला तर बाहेर येणारं उत्तर. आता पुढचा प्रश्न स्वतःला विचारा: ५० गेला, पण बाकीच्यांचं काय झालं? २५ हर्ट्झची उंची ६४ टक्क्यांवर येते, ७५ची २१ टक्क्यांवर. म्हणजे घाण काढताना कामाचा मालही खरचटला. इथून फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे काय आणि चांगले फिल्टर डिझाइन का करावे लागतात, हे लेक्चर आपोआप समजेल. आधी गरज कळली पाहिजे, मग सूत्र गोड लागतं.

कन्व्होल्यूशनचा एक सापळा सांगून ठेवतो, कारण प्रोग्रॅम लिहिताना तो नक्की चावतो. वरच्याच आकड्यांचे तीन-तीन बिंदूंचे डीएफटी (एफएफटी झटपट करतो तो मूळ हिशेब) काढून गुणले आणि उलटा डीएफटी घेऊन परत आलात, तर १, ३, ५, ३ येत नाही. ४, ३, ५ येतं. शेवटचा ३ जागा न मिळाल्याने फिरून पहिल्या १मध्ये जाऊन बसला. याला सर्क्युलर कन्व्होल्यूशन म्हणतात. दोघांनाही आधी शून्यं जोडून चार किंवा जास्त लांबीचं केलं की उत्तर सरळ येतं. शून्यं जोडण्याचा खरा उपयोग इथे आहे.

झेड-ट्रान्सफॉर्म. इथे तुमची डिप्लोमाची इलेक्ट्रिकल पार्श्वभूमी अडचण नाही, भांडवल आहे. पॉवर फॅक्टर शिकताना तुम्ही उणे एकच्या वर्गमूळासाठी 'जे' हे अक्षर वापरलंत, फेजर काढलेत, इम्पीडन्सची बेरीज केलीत. एसी सर्किटमध्ये कॉम्प्लेक्स संख्या वापरायची ही पद्धत विद्युत अभियंते स्टाइनमेट्झ यांनी १८९३ साली मांडली, आणि डीएसपीतला कॉम्प्लेक्स एक्स्पोनेन्शियल म्हणजे तोच फिरणारा फेजर, फक्त तो सलग न फिरता सॅम्पलगणिक ठरावीक कोनाने उडी मारतो. 'झेडचा वजा एक घात' म्हणजे एक सॅम्पल उशीर. पहिल्या फेरीत झेडचा एवढाच अर्थ घेऊन चला.

मग हा एक फिल्टर स्प्रेडशीटमध्ये बनवा: नवं उत्तर म्हणजे जुन्या उत्तराचा ०.९ भाग अधिक नव्या सॅम्पलचा ०.१ भाग. पहिल्या ओळीत १ द्या, पुढे सगळी शून्यं. उत्तर ओळीगणिक नऊ-दशांश होत जाईल आणि पुढच्या ४४ ओळींत सुरुवातीच्या एक टक्क्याच्या खाली जाईल. ०.९ हा या फिल्टरचा पोल. आता ०.९च्या जागी १.०१ टाका. फरक किती किरकोळ वाटतो! पण हजार ओळी खाली ओढा, आकडा सुरुवातीच्या २० हजार पटींहून पुढे गेलेला असेल. पोल युनिट सर्कलच्या (१ त्रिज्येच्या वर्तुळाच्या) आत हवा, या वाक्यात एवढंच आहे. हे हाताने केल्यावर ते झेड-प्लेनचं चित्र तुम्हाला परकं वाटणार नाही.

पहिल्या फेरीत सोडून द्यायच्या गोष्टीही सांगतो, कारण लेक्चर देणारे सर हे क्वचितच सांगतात. त्यांना अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. कंटूर इंटिग्रलने उलट झेड काढणं सोडा. रीजन ऑफ कन्व्हर्जन्सवरचे कूट प्रश्न सोडा, त्याचा अर्थ तेवढा ऐकून ठेवा. बटरवर्थ, चेबिशेव्हच्या सूत्रांची सिद्धता सोडा. लॅटिससारखी फिल्टरची स्ट्रक्चर सोडा. एफएफटीचं फुलपाखरू आठ बिंदूंसाठी एकदा काढा, पुरे; त्यातून एवढं दिसलं पाहिजे की १०२४ बिंदूंसाठी सरळ हिशेबात दहा लाखांवर गुणाकार लागतात आणि एफएफटीत काही हजारांत भागतं. सॅम्पलिंग, कन्व्होल्यूशन, डीएफटी आणि विंडो, साधे फिल्टर, हे घट्ट झालं की सोडलेलं सगळं दुसऱ्या फेरीत सोपं जातं. हे कच्चं ठेवून पुढे गेलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. मशीन लर्निंगपर्यंत पोचतात आणि डेटा कोणत्या वेगाने सॅम्पल झाला, हे सांगू शकत नाहीत. याचं मला खरंच वाईट वाटतं.

लेक्चर बघायची पद्धत. ड्युटीहून आल्यावर एका बैठकीत पूर्ण लेक्चर संपवायचा हट्ट धरू नका. सरांनी गणित मांडलं की व्हिडिओ थांबवा, स्वतः सोडवा, मग पुढे चालू करा. १, २, ३, ४ या चार आकड्यांचा डीएफटी एकदा कागदावर काढाच: १०, उणे २ अधिक २ जे, उणे २, उणे २ उणे २ जे. दुसरं आणि चौथं उत्तर एकमेकांचं आरशातलं रूप का आहे, हे समजेपर्यंत पुढचं लेक्चर लावू नका. एफएफटीच्या आलेखाचा उजवा अर्धा भाग रिपोर्टवर का दाखवत नाहीत, याचं उत्तर तिथेच आहे. इंग्रजी जड जात असेल तर सबटायटल चालू करा, वेग थोडा कमी करा, आणि नोट्स बिनधास्त मराठीत लिहा. मी शिकवतो तेही मराठीतच, संज्ञा तेवढ्या इंग्रजी. समजलं की नाही, याची परीक्षा सोपी आहे: शिफ्टमधल्या एखाद्या सहकाऱ्याला मराठीत समजावून सांगता आलं पाहिजे.

सॉफ्टवेअरवर पैसे खर्चू नका. पायथन, त्यात नमपाय आणि सायपाय, नाहीतर ऑक्टेव्ह. दोन्ही फुकट. कॉम्प्युटर साधा असेल तर गूगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच चालतं. एकच पथ्य: लायब्ररीचं फंक्शन वापरण्याआधी सरकती सरासरी आणि डीएफटी एकदा स्वतः लूप लावून लिहा. हळू चालेल, चालू द्या.

हे सगळं पचलं की तुमच्या मूळ गरजेकडे, बेअरिंगकडे या. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीने मुद्दाम खराब केलेल्या बेअरिंगची रेकॉर्डिंग इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत, सॅम्पलिंग १२,००० आणि ४८,००० हर्ट्झ. त्यातलं ड्राइव्ह बाजूचं बेअरिंग ६२०५ नंबरचं आहे, तुमच्या स्टोअरमध्येही ते पडलेलं असेल. लोड नसताना तिथली मोटार १७९७ फेऱ्यांवर चालते, कारण तिकडे पुरवठा ६० हर्ट्झचा. मेन्सची खूण शोधताना ५०वर बघू नका. शाफ्ट २९.९५ हर्ट्झ. या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर दोष असेल तर दर फेऱ्याला सरासरी ३.५८ ठोके बसतात, म्हणजे १०७ हर्ट्झ. आतल्या रिंगवर असेल तर ५.४२, म्हणजे १६२.

आता बाहेरच्या रिंगच्या दोषाची फाइल घ्या आणि सरळ एफएफटी काढा. अपेक्षेने १०७वर बघाल, तर तिथे ठळक असं काही बहुधा सापडणार नाही. बहुतेक ताकद हजारो हर्ट्झच्या भागात दिसेल. कारण प्रत्येक ठोका मशीनच्या सांगाड्याला वाजवतो आणि सांगाडा त्याच्या स्वतःच्या, खूप वरच्या फ्रिक्वेन्सीवर वाजतो. १०७ ही त्या वाजण्याची फ्रिक्वेन्सी नाही, ते किती वेळा वाजतं याची आहे. म्हणून आधी बँडपास फिल्टर लावून तो वरचा पट्टा वेगळा काढायचा, मग त्याची निरपेक्ष किंमत घ्यायची (रेक्टिफायरच तो, तुमच्या ओळखीचा), मग लो-पास लावून वरचा घेर उरवायचा, आणि त्या घेराचा एफएफटी काढायचा. १०७ आणि त्याचे गुणक उभे राहतात. बाहेरच्या माणसांच्या रिपोर्टमध्ये 'एन्व्हलप स्पेक्ट्रम' म्हणून जे पान असतं, ते हेच.

यात सॅम्पलिंग आलं, दोन फिल्टर आले, विंडो आली, रिझोल्यूशनचा हिशेब आला. हे तुमच्याकडून निघालं की कारखान्यातल्या एका मोटारीचा जुना रिपोर्ट घ्या, तिच्या बेअरिंगचा नंबर आणि वेग शोधा, ठोक्यांच्या फ्रिक्वेन्सी स्वतः काढा आणि रिपोर्टवरच्या सुळक्यांशी ताडून बघा. पुढच्या वेळी ती मंडळी आली की त्यांना तीन गोष्टी विचारा: सॅम्पलिंग किती ठेवलं, आधी गाळायची सोय यंत्रात आहे का, आणि एका मोजणीला किती सेकंद ऐकलं. त्यांची उत्तरं आणि तुमचा हिशेब जुळला नाही, तर दोन्ही घेऊन मला पुन्हा लिहा. रिपोर्टवर मोटारीचा त्या वेळचा खरा वेग नोंदलेला असेल तर तोही पाठवा. त्याशिवाय कोणताही सुळका ओळखता येत नाही.